एकॉर्न बिझनेस कॉम्प्युटर : एका गृहसंगणक कंपनीच्या अपूर्ण व्यावसायिक प्रयोगाचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश : इंग्लंडमधील केंब्रिज येथील एकॉर्न कॉम्प्युटर्स ही कंपनी शाळा आणि घरे यांसाठीच्या संगणकांमुळे नावारूपास आली. १९८३-८४ मध्ये या कंपनीने कार्यालयांसाठी 'एकॉर्न बिझनेस कॉम्प्युटर' अर्थात एबीसी ही आठ यंत्रांची मालिका तयार करण्याचे योजिले. नमुना यंत्रे तयार झाली आणि प्रदर्शनात मांडलीही गेली. परंतु मालिका म्हणून ती बाजारात आली नाही. प्रस्तुत निबंधात या प्रयत्नाची पार्श्वभूमी, त्यामागील तांत्रिक कल्पना, अपयशाची कारणे आणि त्याचा पुढील काळावर उमटलेला ठसा यांचा विचार केला आहे. एबीसीचे अपयश हे प्रामुख्याने अभियांत्रिकीचे नसून ग्राहक ओळखण्यातील आणि भांडवलाच्या नियोजनातील अपयश होते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : सूक्ष्मसंगणक, एकॉर्न, बीबीसी मायक्रो, नमुना यंत्र, ऑलिव्हेटी, एआरएम, क्लास प्रकल्प.

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा यशस्वी वस्तूंच्या आधारे लिहिला जातो. जे यंत्र लाखांनी विकले गेले त्याची नोंद होते. जे कार्यशाळेतून बाहेर पडलेच नाही ते विस्मृतीत जाते. या पद्धतीमुळे इतिहासाला एक प्रकारचा एकांगीपणा येतो. घडले तेच घडणे अटळ होते, असा समज त्यातून निर्माण होतो. वस्तुतः प्रत्येक काळात अनेक वाटा खुल्या असतात आणि त्यांपैकी काही मध्येच खुंटतात. खुंटलेली वाट कोठे आणि का खुंटली, हे पाहिल्याशिवाय रुळलेल्या वाटेचा अर्थ पुरता कळत नाही.

या दृष्टीने १९८० च्या दशकातील ब्रिटिश सूक्ष्मसंगणक उद्योग हा अभ्यासाचा उत्तम विषय ठरतो. १९८० ते १९८५ या अवघ्या पाच-सहा वर्षांत तेथे अनेक लहान कंपन्या उदयास आल्या, भरभराटीस पोहोचल्या आणि त्यांतील बहुतेक लयास गेल्या. घरगुती संगणक विकून मोठ्या झालेल्या कंपन्यांना कार्यालयांची बाजारपेठ खुणावत होती. घरातला ग्राहक हौशी आणि चंचल, तर कार्यालयातला ग्राहक सावध परंतु स्थिर, असे सर्वसाधारण गणित होते. एकॉर्नची एबीसी मालिका याच गणितातून जन्मास आली. ज्या वर्षी ती मांडली गेली त्याच सुमारास याच कंपनीचा संगणक भारतातील शाळांसाठी निवडला गेला होता. त्यामुळे भारतीय अभ्यासकाच्या दृष्टीनेही हा विषय केवळ परदेशातील एका कंपनीपुरता मर्यादित राहत नाही.

एकॉर्नची जडणघडण

हर्मन हाउझर आणि ख्रिस करी यांनी डिसेंबर १९७८ मध्ये केंब्रिज येथे 'केंब्रिज प्रोसेसर युनिट' ही कंपनी स्थापन केली. हाउझर हे मूळचे ऑस्ट्रियाचे. केंब्रिज विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्रात संशोधन केले होते. करी यांनी क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्याबरोबर अनेक वर्षे काम केले होते. विद्यापीठातील तरुण बुद्धिमत्ता आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या विक्रीचा अनुभव यांचा हा संगम होता. 'एकॉर्न' हे प्रारंभी या कंपनीचे व्यापारी नाव होते. पुढे तेच रूढ झाले. कंपनीची पहिली उत्पादने प्रयोगशाळा व अभियंते यांच्यासाठी होती. १९८० मध्ये आलेल्या 'अॅटम' या संगणकाने तिला घरगुती ग्राहकांपर्यंत नेले.

कंपनीचे भवितव्य पालटले ते ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या संगणक-साक्षरता उपक्रमामुळे. जनतेला संगणकाची ओळख करून देणारी दूरचित्रवाणी मालिका तयार करताना तिच्या जोडीला एक अधिकृत संगणक असावा, असे बीबीसीने ठरविले. १९८१ मध्ये एकॉर्नच्या अभियंत्यांनी, विशेषतः सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी, आठवडाभराच्या अहोरात्र परिश्रमाने नमुना यंत्र उभे केले आणि हा करार कंपनीच्या पदरात पडला. 'द कॉम्प्युटर प्रोग्राम' ही मालिका जानेवारी १९८२ मध्ये सुरू झाली. सुमारे १२,००० यंत्रे विकली जातील असा बीबीसीचा प्रारंभीचा अंदाज होता. प्रत्यक्षात बीबीसी मायक्रोची एकूण विक्री १५ लाखांच्या पुढे गेली. शाळांना सूक्ष्मसंगणक खरेदीसाठी निम्मा खर्च देणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या योजनेत या यंत्राचा समावेश झाल्याने तो शाळाशाळांतून पोहोचला.

१९७९ मध्ये ३,००० पौंड असलेला कंपनीचा नफा जुलै १९८३ पर्यंत ८६ लाख पौंडांवर गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीचे समभाग लंडनच्या 'अनलिस्टेड सिक्युरिटीज मार्केट'मध्ये विक्रीस आले, तेव्हा तिचे बाजारमूल्य सुमारे १३.५ कोटी पौंड होते. येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. हे यश खुल्या स्पर्धेत ग्राहकागणिक मिळविलेले नव्हते. बीबीसीचे नाव आणि सरकारचे अनुदान ही दोन सार्वजनिक पाठबळे त्यामागे होती. शिक्षक आणि पालक यांच्या मनातील विश्वास हा मोठ्या अंशी बीबीसीवरील विश्वास होता. कार्यालयाच्या दारात मात्र हे पाठबळ उपयोगी पडणारे नव्हते.

'ट्यूब' : एका कल्पनेचे सामर्थ्य आणि मर्यादा

एबीसीची रचना समजण्यासाठी बीबीसी मायक्रोमधील 'ट्यूब' या जोडणीची कल्पना विचारात घ्यावी लागते. बीबीसी मायक्रोमध्ये ६५०२ हा आठ-बिट प्रोसेसर आणि ३२ किलोबाइट मेमरी होती. यंत्र तयार होत असतानाच हे सामर्थ्य पुढे अपुरे पडणार, हे अभियंत्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी यंत्रालाच एक विशेष जोडणी ठेवली. या जोडणीतून दुसरा, अधिक शक्तिमान प्रोसेसर स्वतःच्या मेमरीसह जोडता येत असे. तो जोडल्यावर मूळ यंत्राकडे कळफलक, पडदा, डिस्क आणि छपाईयंत्र यांची देखभाल उरे आणि प्रत्यक्ष गणनाकार्य दुसरा प्रोसेसर करी.

ही व्यवस्था एखाद्या कचेरीसारखी होती. आवक-जावक, टपाल आणि अभ्यागत यांचे काम एक लिपिक सांभाळतो; आतल्या खोलीत बसलेला अधिकारी केवळ निर्णयाचे काम करतो. अधिकारी बदलला तरी आवक-जावक विभाग बदलावा लागत नाही. ट्यूबच्या दुसऱ्या टोकाला कोणताही प्रोसेसर बसविता येत असल्याने एकाच पायावर अनेक प्रकारचे संगणक उभे राहू शकत होते. वेगवान ६५०२, झेड८० आणि नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीचा ३२०१६ असे निरनिराळे 'दुसरे प्रोसेसर' एकॉर्नने या पद्धतीने विकसित केले.

या कल्पनेचा व्यापारी उपयोग प्रथम दुसऱ्याच कंपनीने केला. केंब्रिज परिसरातीलच टॉर्च कॉम्प्युटर्सने बीबीसी मायक्रोचा मुख्य फलक, झेड८० प्रोसेसर, पडदा आणि डिस्क एकाच पेटीत बसवून कार्यालयीन यंत्र बाजारात आणले. टॉर्चला आपल्या छत्राखाली घेऊन तिच्याकडे व्यावसायिक विभाग सोपवावा, असा विचार एकॉर्नने १९८४ मध्ये केला. तो तडीस गेला नाही. कार्यालयीन ग्राहकाची ओळख असलेली यंत्रणा बाहेरून मिळविण्याची संधी अशा रीतीने हुकली आणि एकॉर्नची स्वतःची मालिका हाच मार्ग उरला.

एबीसी मालिकेचे स्वरूप

एबीसीचा मूलाधार बीबीसी मायक्रोचा फलक हाच होता. पडदा आणि डिस्क ड्राइव्ह एकाच आवरणात बसविलेले, कळफलक वेगळा, आणि आत ट्यूबमार्फत जोडलेला दुसरा प्रोसेसर, अशी तिची ठेवण होती. बैठकीच्या खोलीतील दूरचित्रवाणी संचाला तारेने जोडलेला संगणक आणि कार्यालयाच्या मेजावर शोभणारे यंत्र यांतील अंतर आवरणाच्या पातळीवर तरी भरून काढलेले होते.

मालिकेत आठ यंत्रे होती. 'पर्सनल असिस्टंट' आणि 'टर्मिनल' ही तळाची दोन यंत्रे साध्या कामासाठी होती. १०० आणि ११० या क्रमांकाच्या यंत्रांत झेड८० प्रोसेसर आणि त्या काळी लहान कार्यालयांत रूढ असलेली सीपी/एम ही कार्यप्रणाली योजली होती. २०० आणि २१० यांत ३२०१६ हा प्रोसेसर असून ती संशोधक व अभियंते यांच्यासाठी होती. ३०० आणि ३१० यांत इंटेलचा ८०२८६ हा प्रोसेसर होता. प्रत्येक जोडीतील दुसरे यंत्र हार्ड डिस्कसह मिळावयाचे होते. शिवाय एकॉर्नच्या 'इकोनेट' या जाळ्याद्वारे ही यंत्रे परस्परांशी जोडण्याचीही सोय होती.

१९८४ च्या सप्टेंबरमध्ये लंडन येथील 'पर्सनल कॉम्प्युटर वर्ल्ड' प्रदर्शनात ही मालिका मांडली गेली आणि तिने जाणकारांचे लक्ष वेधून घेतले. तांत्रिक दृष्टीने पाहता या यंत्रांत हिणवण्यासारखे काही नव्हते. ८०२८६ हा प्रोसेसर आयबीएमनेही आपल्या पीसी/एटी या यंत्रात १९८४ मध्येच आणला होता. ३२०१६ हा बत्तीस-बिट अंतर्गत रचनेचा प्रोसेसर टेबलावर ठेवता येईल अशा यंत्रात देणे, हेही त्या काळी धाडसाचे पाऊल होते.

तथापि मालिकेच्या याच विस्तारात तिचा कच्चा दुवा होता. तीन वेगळ्या प्रोसेसरांचा अर्थ तीन वेगळी सॉफ्टवेअर-कुले असा होत होता. झेड८० वर लिहिलेला प्रोग्रॅम ३२०१६ वर चालणार नव्हता आणि ८०२८६ साठी घेतलेला हिशेबाचा प्रोग्रॅम इतर दोहोंवर. अभियंत्याच्या दृष्टीने एका पायावर तीन इमारती उभ्या करणे हे कौशल्य होते. विक्रेत्याला मात्र तीन प्रकारचे प्रशिक्षण, तीन प्रकारचा साठा आणि तीन प्रकारच्या तक्रारी सांभाळाव्या लागणार होत्या. ज्या व्यापाऱ्याला केवळ पत्रव्यवहार आणि खतावणी यांसाठी संगणक हवा होता, त्याने आठांपैकी कोणता घ्यावा, या साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर मालिकेत नव्हते. ट्यूबने 'काहीही शक्य आहे' असे म्हटले होते. बाजाराला 'नेमके काय' हे हवे होते.

आर्थिक संकट आणि ऑलिव्हेटीचा प्रवेश

एबीसीची कोंडी झाली ती मात्र तिच्या स्वतःच्या दोषांमुळे नव्हे. ती गृहसंगणकाच्या बाजारामुळे झाली. ऑगस्ट १९८३ मध्ये एकॉर्नने 'इलेक्ट्रॉन' हा १९९ पौंड किमतीचा स्वस्त संगणक आणला. त्यातील बहुतेक मंडले एकाच विशेष चिपमध्ये सामावली होती आणि या चिपचे उत्पादन पुरेसे होईना. १९८३ च्या नाताळात सुमारे तीन लाख यंत्रांची मागणी असताना जेमतेम तीस हजार यंत्रे पुरविता आली. ब्रिटनमधील गृहसंगणकाचा बाजार नाताळावर अवलंबून होता. तो हंगाम हुकला म्हणजे वर्ष हुकले.

या अनुभवाने सावध होऊन कंपनीने पुढील वर्षासाठी उत्पादनाचे मोठे करार केले. परंतु १९८४ च्या नाताळापर्यंत वारे फिरले होते. घरगुती संगणकाची मागणी मंदावली, प्रतिस्पर्ध्यांनी किमती उतरविल्या आणि सुमारे अडीच लाख इलेक्ट्रॉन विक्रीविना पडून राहिले. करार मोडता येत नव्हते. त्याच काळात अमेरिकेच्या बाजारात शिरण्याच्या प्रयत्नातही कंपनीने मोठी रक्कम गमावली होती. मागणी असताना माल नाही आणि माल असताना मागणी नाही, अशा दुहेरी आपत्तीत ती सापडली.

फेब्रुवारी १९८५ मध्ये कंपनीच्या समभागांचे व्यवहार थांबविण्यात आले आणि त्याच महिन्यात इटलीच्या ऑलिव्हेटी कंपनीने ४९.३ टक्के भाग घेऊन तिला तारले. ८५.७ टक्के भाग हाती असलेल्या संस्थापकांकडे ३६.५ टक्केच उरले. सप्टेंबर १९८५ मध्ये दुसऱ्यांदा भांडवल ओतावे लागले आणि ऑलिव्हेटीचा वाटा ७९.८ टक्क्यांवर गेला.

टंकलेखन यंत्रांच्या व्यवसायापासून कार्यालयांशी नाते असलेल्या ऑलिव्हेटीकडे 'एम२४' हा आयबीएमशी सुसंगत असा स्वतःचा व्यावसायिक संगणक होता. अशा मालकाला एबीसीसारख्या स्वतंत्र मालिकेचे प्रयोजन उरले नव्हते. एकॉर्नचे मोल त्याच्या लेखी शाळांच्या बाजारात आणि केंब्रिजच्या अभियंत्यांत होते. परिणामी मालिका बासनात गेली. तिच्यातील २१० हे यंत्र तेवढे जुलै १९८५ मध्ये 'एकॉर्न केंब्रिज वर्कस्टेशन' या नावाने बाहेर आले, आणि तेही फोर्ट्रान, पास्कल, लिस्प यांसारख्या भाषा वापरणाऱ्या विद्यापीठीय संशोधकांसाठी. कार्यालयासाठी योजिलेली मालिका अशा प्रकारे पुन्हा शिक्षणक्षेत्राच्याच आश्रयाला आली.

तुलनात्मक विचार

केवळ पैशाच्या अभावी एबीसी बुडाली, असे म्हटल्यास प्रश्न अर्धवट सुटतो. भांडवल पुरेसे असते तर ती यशस्वी झाली असती काय, हे पाहण्यासाठी समकालीन कंपन्यांकडे वळावे लागते.

बर्मिंगहॅमची एसीटी ही कंपनी १९६५ पासून व्यापारी संस्थांना संगणकीय सेवा पुरवीत होती. तिने प्रथम 'सिरियस' हे अमेरिकी बनावटीचे यंत्र ब्रिटनमध्ये विकले आणि १९८३ मध्ये 'अॅप्रिकॉट' हा स्वतःचा संगणक आणला. ही यंत्रे आयबीएमशी पूर्णतः सुसंगत नव्हती. तरीही ती कार्यालयांनी घेतली. विक्रेत्यांचे जाळे, हिशेबाचे प्रोग्रॅम आणि देखभालीची हमी ही तिची पूर्वीची कमाई त्यामागे होती. एसीटी कार्यालयाकडून यंत्राकडे आली, तर एकॉर्न यंत्राकडून कार्यालयाकडे निघाली होती.

सिंक्लेअर रिसर्चने जानेवारी १९८४ मध्ये ३९९ पौंडांचा 'क्यूएल' जाहीर केला. त्यासोबत लेखन, तक्ते आणि माहितीसाठ्याचे प्रोग्रॅम दिले होते; परंतु फ्लॉपीऐवजी फितीची लहान काडतुसे वापरली होती आणि यंत्रे ग्राहकांच्या हाती पडण्यास फार उशीर लागला. व्यावसायिक ग्राहक दुरावला आणि एप्रिल १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय अॅमस्ट्रॅडने ५० लाख पौंडांना घेतला.

अॅमस्ट्रॅडचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. संगीत-संच विकणाऱ्या या कंपनीने गृहसंगणकही केले होते. कार्यालयाचा तिला विशेष अनुभव नव्हता. तिने सप्टेंबर १९८५ मध्ये पीसीडब्ल्यू ८२५६ हे यंत्र आणले. त्यात जुनाच झेड८० प्रोसेसर होता. पण पडदा, डिस्क, छपाईयंत्र आणि लेखनाचा प्रोग्रॅम हे सारे ३९९ पौंडांत, अधिक कर, एकाच खोक्यात मिळत होते. हे यंत्र टंकलेखन यंत्राची जागा घेण्यासाठी आहे, हे ग्राहकाला सांगावे लागत नव्हते. ते अफाट खपले. एबीसी १०० मध्येही झेड८० आणि सीपी/एमच होते. म्हणजे तांत्रिक साहित्यात मूलभूत फरक नव्हता. फरक प्रश्नात होता. अॅमस्ट्रॅडने 'टंकलेखकाला काय हवे' असे विचारले. एकॉर्नने 'आपल्या यंत्राला काय काय जोडता येईल' असे विचारले.

यावरून गृहसंगणक कंपनीला कार्यालयाचे दार बंदच होते, हा समज टिकत नाही. दार उघडे होते; त्यातून आत जाण्यासाठी एका निश्चित ग्राहकाचे चित्र मनाशी असणे आवश्यक होते.

अपयशाच्या पोटातील बीज

एबीसीच्या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. व्यावसायिक यंत्रासाठी सोळा-बिट किंवा त्याहून शक्तिमान प्रोसेसरचा शोध घेताना एकॉर्नच्या अभियंत्यांनी बाजारातील अनेक प्रोसेसर तपासले. ३२०१६ आणि मोटोरोलाचा ६८००० यांसारखे प्रोसेसर मेमरीच्या उपलब्ध वेगाचा पुरा उपयोग करीत नाहीत, आणि बाहेरून आलेल्या संकेताला ते संथपणे प्रतिसाद देतात, असे त्यांना आढळले. साध्या ६५०२ ची चपळाई त्यांनी अनुभवली होती. महागड्या प्रोसेसरांत ती दिसेना. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधनातून पुढे आलेली मोजक्या, सोप्या आज्ञांच्या प्रोसेसरची कल्पना त्यांच्या वाचनात आली. ६५०२ च्या सुधारित आवृत्त्या अॅरिझोनामध्ये अगदी लहान चमू तयार करीत आहे, हेही त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. त्यातून ऑक्टोबर १९८३ मध्ये स्वतःचाच प्रोसेसर तयार करण्याचा प्रकल्प सुरू झाला.

विल्सन यांनी आज्ञासंच आखला, फर्बर यांनी चिपची अंतर्गत रचना केली. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली एआरएम चिप हाती आली आणि पहिल्याच प्रयत्नात चालली. तिच्यात सुमारे २५,००० ट्रान्झिस्टर होते. ऑलिव्हेटीने कंपनी हाती घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते. या चिपचा पहिला उपयोग बीबीसी मायक्रोला जोडावयाचा 'दुसरा प्रोसेसर' म्हणूनच झाला. जी ट्यूब एबीसीचा कणा होती, तिच्याच दुसऱ्या टोकावर एआरएमची पारख झाली.

१९८७ मध्ये 'आर्किमिडीज' या संगणकात हा प्रोसेसर ग्राहकांपर्यंत पोहोचला. नोव्हेंबर १९९० मध्ये एकॉर्न, अॅपल आणि व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी यांनी मिळून एआरएम ही स्वतंत्र कंपनी स्थापन केली. मूळ एकॉर्न कंपनीने १९९९ मध्ये आपले नाव टाकले. एआरएमची रचना मात्र पुढे जगभरातील बहुतेक मोबाइल फोनमध्ये जाऊन बसली. एबीसीमुळे एआरएम जन्मला, असे सरळ कार्यकारण मांडणे अतिशयोक्तीचे होईल. दोन्ही प्रकल्प काही काळ समांतर चालले होते. तथापि दोहोंच्या मुळाशी असलेली गरज एकच होती. त्या गरजेचे विकत घेतलेले उत्तर अपुरे ठरले आणि घडविलेले उत्तर टिकले.

भारतीय संदर्भ

१९८४-८५ मध्ये भारत सरकारने 'क्लास' या नावाने शालेय संगणक-साक्षरता प्रकल्प हाती घेतला. पहिल्या टप्प्यात सुमारे २५० शाळा निवडल्या गेल्या आणि त्यांना बीबीसी मायक्रो देण्यात आले. पुढे मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सार्वजनिक उपक्रमातून 'युनिकॉर्न' या नावाने त्याची भारतीय आवृत्तीही निघाली.

ही निवड होत असतानाच यंत्राची मूळ कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. त्याच काळात जगभरच्या कार्यालयांत आयबीएमची धाटणी प्रस्थापित होत होती. कार्यालयात पाय रोवण्याचा एकॉर्नचा प्रयत्न फसल्यामुळे बीबीसी मायक्रोचे जग शाळेपुरते सीमित राहिले. शाळेत शिकलेल्या यंत्राचा कार्यालयात मागमूस नाही, अशी तफावत त्यातून उभी राहिली. १९९३ नंतरच्या टप्प्यात क्लास योजनेनेही आयबीएम धाटणीच्या संगणकांची कास धरली. शैक्षणिक यंत्र म्हणून बीबीसी मायक्रो निकृष्ट होता, असा याचा अर्थ नव्हे; विद्यार्थ्याला यंत्राच्या अंतरंगात डोकावू देणारा तसा संगणक दुर्मीळच. परंतु सार्वजनिक निधीतून एखादे यंत्र निवडताना त्याच्या गुणांइतकाच त्याच्या निर्मात्याचा टिकाव आणि शाळेबाहेरील त्याचे अस्तित्व यांचाही विचार करावा लागतो. यंत्र शाळेत किती वर्षे उपयोगी राहील, याचा निर्णय शाळेत होत नसतो. तो इतरत्र, येथे तर लंडनच्या शेअरबाजारात आणि ऑलिव्हेटीच्या संचालक मंडळात झाला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. एबीसीच्या नमुना यंत्रांची तांत्रिक पात्रता समकालीन यंत्रांच्या तुलनेत उणी नव्हती. ट्यूबवर आधारित रचना हे मालिकेचे बलस्थान होते. परंतु त्याच लवचिकतेमुळे मालिका आठ दिशांना पांगली आणि तिला निश्चित ग्राहक लाभला नाही.

२. मालिका रद्द होण्याचे तात्कालिक कारण इलेक्ट्रॉनच्या व्यवहारातून उद्भवलेले आर्थिक संकट हे होते. घरगुती बाजाराच्या चढउतारांपासून सुटका करून घेण्यासाठी योजिलेला प्रकल्प त्याच चढउतारांना बळी पडला, हा या इतिहासातील विरोधाभास होय.

३. सार्वजनिक पाठबळाने मिळालेले यश आणि बाजारपेठेत कमावलेला विश्वास या भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याच्या बळावर दुसरी गृहीत धरणे एकॉर्नला महाग पडले.

४. अपूर्ण राहिलेला प्रकल्प निष्फळ असतोच असे नाही. ज्या गरजेतून आणि ज्या जोडणीवर एबीसी उभी राहिली, त्यांतूनच एआरएमची वाट पुढे गेली.

एबीसीची नमुना यंत्रे आज वस्तुसंग्राहकांच्या कुतूहलाचा विषय आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यांत एक दस्तऐवज दिसतो. १९८४ च्या सप्टेंबरमध्ये केंब्रिजच्या अभियंत्यांना भविष्यातील कार्यालय कसे दिसत होते, याची नोंद त्या आठ यंत्रांत आहे. ते कार्यालय प्रत्यक्षात वेगळ्याच यंत्रांनी भरले. तरीही एक गोष्ट त्यांनी अचूक हेरली होती. बाजारात मिळणारे प्रोसेसर त्यांना पुरेसे वाटले नाहीत, आणि चार दशकांनंतर त्यांचे ते असमाधानच कोट्यवधी लोकांच्या हातातील यंत्रांत काम करीत आहे.